बातमीला साक्षीदार कोण?

वर्तमानपत्रात छापून आले म्हणजे ते खरे, ही समजूत आपल्या समाजात अजून खोलवर रुजलेली आहे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला शिरू दिले गेले नाही, त्या घरांत छापील शब्दाबद्दल भीतियुक्त आदर असावा हे स्वाभाविकच आहे. आजा अंगठा उठवीत होता, बापाने रात्रीच्या शाळेत अक्षरओळख करून घेतली, आणि आज नात सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविते. ती जे वाचते ते साऱ्या घराला प्रमाण वाटते. परंतु वाचकहो, पोथीत लिहिले आहे एवढ्याच कारणासाठी मान तुकविण्याचे ज्यांनी नाकारले, त्यांनी आता वर्तमानपत्रात लिहिले आहे म्हणून मान तुकवावी काय? देव्हाऱ्यातली पोथी काढली आणि तिच्या जागी रोजचा अंक ठेवला, एवढाच जर फरक होणार असेल, तर आपली बुद्धी पूर्वी जशी गहाण होती तशी आजही गहाणच राहिली, असे म्हणणे भाग आहे.

या समजुतीच्या अगदी उलट टोकाला दुसरे एक मत अलीकडे फार बोकाळले आहे. सारी वर्तमानपत्रे विकलेली आहेत, साऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्या भाट आहेत, तेव्हा कोणाचेच काही ऐकू नये. आपल्या माणसाने मोबाईलवर पाठविले तेवढेच खरे मानावे, असे हे मत आहे. हे मत बाणेदार दिसते. पण नीट पाहिले तर पहिल्या आणि दुसऱ्या मतात फरक नाही. पहिला मनुष्य न तपासता विश्वास ठेवतो आणि दुसरा न तपासता अविश्वास ठेवतो. तपासण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत.

आमचे म्हणणे असे आहे की, बातमी ही एक साक्ष आहे. कोर्टात साक्षीदार उभा राहिला की त्याला काही प्रश्न विचारले जातात. तू तेथे होतास काय? तू स्वतः पाहिलेस की ऐकलेस? या साक्षीत तुझा लाभ कोणता? आणि जो तेथे होता त्याला कोर्टापुढे का आणले नाही? हेच प्रश्न बातमीला विचारले पाहिजेत. बातमीदाराचा आवाज शांत आहे, भाषा सभ्य आहे, दोन्ही बाजूंची दोन-दोन वाक्ये दिली आहेत, एवढ्यावरून ती बातमी निःपक्षपाती ठरत नाही. जगातील नामांकित वृत्तसंस्थांचा इतिहास या कसोटीवर घासून पाहा, म्हणजे आमच्या म्हणण्याची सत्यता पटेल.

प्रथम इंग्लंड घ्या. निःपक्षपातीपणाचा दाखला द्यायचा झाला की आपल्याकडील सुशिक्षित माणूस हटकून बीबीसीचे नाव घेतो. 1926 च्या मे महिन्यात इंग्लंडात सार्वत्रिक संप झाला. खाणमालकांनी खाणकामगारांची मजुरी कमी करून कामाचे तास वाढविण्याचा घाट घातला होता, म्हणून इतर धंद्यांतील कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नऊ दिवस हा संप चालला. बहुतेक छापखाने थंडावले आणि बातमीसाठी लोकांना रेडिओचाच मोठा आधार उरला. संपवाल्यांची निवेदने बीबीसीच्या बातम्यांत वाचली जात होती, हे न्यायबुद्धीने सांगितलेच पाहिजे. परंतु पंतप्रधान बाल्डविन यांना राष्ट्राला उद्देशून बोलता आले, आणि ते भाषण त्यांनी बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांच्या राहत्या घरातून केले. मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनाल्ड हे स्वतः 1924 साली पंतप्रधान होते. त्यांनी बोलण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी समेटाचे आवाहन तयार केले, तेसुद्धा काही दिवस अडवून ठेवण्यात आले. पुढे रीथ यांची रोजनिशी प्रसिद्ध झाली. सरकारला आमची संस्था ताब्यात घ्यावी लागली नाही, कारण आम्ही खऱ्या अर्थाने निःपक्षपाती राहणार नाही याचा त्याला भरवसा आहे, अशा आशयाची नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने करून ठेवली आहे. बंदी नाही, हुकूम नाही, दंड नाही. मालकाचे मन ओळखून वागणाऱ्याला हुकूम देण्याची गरज पडत नाही.

कोणी म्हणेल, भांडवलशाही देशात असेच व्हायचे. तर मग मजुरांच्या राज्याकडे वळू. 1932-33 साली सोव्हिएट युनियनमधील युक्रेनात भीषण दुष्काळ पडला. हा दुष्काळ आभाळाने आणलेला नव्हता. सरकारने खेड्यापाड्यांतून धान्य सक्तीने उचलून नेल्यामुळे तो ओढवला. एकट्या युक्रेनात किमान 35 लाख माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मॉस्कोत त्या वेळी परदेशी वर्तमानपत्रांचे नाणावलेले बातमीदार राहत होते. त्यांतील सर्वांत वजनदार म्हणजे अमेरिकेतील न्यूयॉर्क टाइम्सचे वॉल्टर ड्युरांटी. 1932 साली त्यांना वृत्तपत्रसृष्टीतील मोठा मान, पुलित्झर पारितोषिक, मिळाले होते. दुसरीकडे गॅरेथ जोन्स नावाचा वेल्समधील सत्तावीस वर्षांचा तरुण मार्च 1933 मध्ये आगगाडीतून मध्येच उतरला आणि युक्रेनातील खेड्यांतून पायी हिंडला. तो शेतकऱ्यांच्या झोपडीत झोपला आणि त्यांच्याशीच बोलला. त्यांच्या घरी भाकरी नव्हती. 29 मार्च रोजी बर्लिनला पोहोचून त्याने जे पाहिले ते जगाला सांगितले.

दोनच दिवसांनी ड्युरांटी यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याचे खंडन केले. लोक भुकेले आहेत, पण उपासमारीने मरत नाहीत, असा त्यांचा पवित्रा होता. इतर बातमीदारांनीही जोन्सला खोटे पाडले. असे का झाले? मॉस्कोतील दुसरे एक अमेरिकन बातमीदार यूजीन लायन्स यांनी 1937 साली त्याचा उलगडा केला. काही ब्रिटिश इंजिनियरांवर मॉस्कोत खटला चालायचा होता. त्या खटल्याची बातमी साऱ्या जगाला हवी होती, आणि प्रत्येक तार सरकारी सेन्सॉरच्या हातातून जात होती. सेन्सॉरला दुखविले तर खटल्याच्या बातमीला मुकावे लागणार. म्हणून ज्याला दुष्काळ ठाऊक होता तोही गप्प बसला, आणि जो बोलला त्याच्यावर सारे तुटून पडले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही आपल्याकडील म्हण मॉस्कोतही लागू पडली. पोळी येथे पैशाची नव्हती, प्रवेशाची होती. जोन्सला सोव्हिएट देशात पुन्हा पाऊल टाकू दिले नाही. 1935 साली पूर्व आशियात दरोडेखोरांच्या हातून त्याचा खून झाला. न्यूयॉर्क टाइम्सने 1990 साली ड्युरांटी यांच्या लेखनाचा कठोर शब्दांत निषेध केला. पारितोषिक मात्र 2003 साली फेरविचार होऊनही परत घेतले गेले नाही.

प्रवेशाच्या पोळीची ही गोष्ट जुनी झाली, असे समजू नका. 8 सप्टेंबर 2002 रोजी त्याच न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली की, इराक अणुबाँबच्या तयारीसाठी ॲल्युमिनियमच्या खास नळ्या मिळवू पाहत आहे. बातमीचा आधार सरकारी अधिकाऱ्यांचे सांगणे. त्याच दिवशी सकाळी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर त्याच बातमीचा हवाला दिला. सरकारने सांगायचे, वर्तमानपत्राने छापायचे, आणि मग सरकारने वर्तमानपत्राकडे बोट दाखवून पुरावा म्हणून मिरवायचे, असे हे चक्र होते. मार्च 2003 मध्ये इराकवर स्वारी झाली. ज्या अस्त्रांसाठी ती झाली ती सापडली नाहीत. 26 मे 2004 रोजी त्या पत्राने आपण पुरेशी छाननी केली नाही, अशी कबुली आतील पानावर छापली. येथेही एक जोन्स होताच. नाइट रिडर या वृत्तसमूहाच्या वॉशिंग्टन कचेरीतील बातमीदारांनी मंत्र्यांच्या दिवाणखान्याऐवजी खालच्या फळीतील जाणकार अधिकाऱ्यांना गाठले आणि स्वारीपूर्वीच शंका छापल्या. त्या शंकांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. वरच्याला विचारणारा फसला आणि खालच्याला विचारणाऱ्याच्या हाती सत्य लागले. युक्रेनात आणि वॉशिंग्टनात घडलेला हा एकच प्रकार आहे.

आता ज्या उदाहरणाचा आपल्याशी जवळचा संबंध आहे तिकडे वळू. 1946 साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीय आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडीत होते, आणि त्या अर्जाची प्रत बाबासाहेबांना हवी होती. ड्यू बॉईस यांनी क्रायसिस हे मासिक चोवीस वर्षे चालविले होते. बहिष्कृतांना स्वतःचे पत्र काढावे लागते, ही गोष्ट समुद्राच्या त्या तीरावरही तितकीच खरी होती.

त्याच समाजातील आयडा बी. वेल्स ही स्त्री 1862 साली गुलामगिरीत जन्मली आणि पुढे मेम्फिस शहरात फ्री स्पीच या पत्राची संपादिका झाली. मार्च 1892 मध्ये त्या शहरात तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना गोऱ्या जमावाने तुरुंगातून ओढून काढून ठार मारले. त्यांच्या दुकानामुळे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते, हे वैराचे मूळ होते. अशा प्रत्येक हत्येनंतर गोऱ्यांची पत्रे एकच कारण छापीत: मेलेल्याने गोऱ्या स्त्रीची अब्रू घेतली. वेल्सबाईंनी या कारणावरच बोट ठेवले. त्याचे फळ म्हणून मे महिन्यात, त्या गावात नसताना, त्यांची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली आणि त्यांना मेम्फिस कायमचे सोडावे लागले.

त्यांनी पुढे काय केले ते लक्षात ठेवा. शिव्याशापांत त्यांनी वेळ दवडला नाही. शिकागो ट्रिब्यून हे गोऱ्यांचेच पत्र दरवर्षी अशा हत्यांची यादी छापीत असे. तीच यादी घेऊन त्यांनी हिशेब मांडला, आणि जमावाने मारलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांवरच अब्रू घेतल्याचा आरोप तरी होता, हे दाखवून दिले. आरोप सिद्ध होण्याची गोष्ट तर दूरच. 1895 साली त्यांनी रेड रेकॉर्ड हे पुस्तक काढले. आकडे गोऱ्यांचेच असल्यामुळे अतिशयोक्तीचा ठपका ठेवण्याची सोय उरली नाही. मग उरली ती शिवीगाळ. न्यूयॉर्क टाइम्सने 1894 साली या बाईंना निंदक आणि घाणेरड्या मनाची ठरविले. 1931 साली त्या वारल्या, तेव्हा त्या पत्राने त्यांच्यावर मृत्युलेखही छापला नाही. तो छापला 2018 साली. ड्युरांटी यांना जे पारितोषिक 1932 साली हातोहात मिळाले, त्याच पारितोषिकाने वेल्सबाईंचा गौरव व्हायला 2020 साल उजाडावे लागले.

वरातीमागून घोडे नाचविण्याचा हा प्रकार अमेरिकेत आता बराच रूढ झाला आहे. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या हेरल्ड-लीडर पत्राने 4 जुलै 2004 रोजी पहिल्या पानावर कबूल केले की, नागरी हक्कांच्या चळवळीच्या बातम्या देण्यात आपण हयगय केली. ज्या कायद्यासाठी ती चळवळ झाली, तो होऊन चाळीस वर्षे लोटली होती. 2020 च्या डिसेंबरात कॅन्सस सिटी स्टार या पत्रानेही आपल्या जुन्या पापांची जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलेच झाले. परंतु लेक्सिंग्टनच्या पत्राचा दोष नीट पाहा. त्याने खोटे छापले असे कोणी म्हणत नाही. उपाहारगृहात बसण्याच्या हक्कासाठी तरुण मुले सत्याग्रह करीत होती, आणि ती बातमी त्याने वाचकापासून दूर ठेवली. खोटे छापले तर पुरावा राहतो; छापलेच नाही तर पकडायचे कशाला? पक्षपाताचा हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

हे लपविण्याचे काम कोणाच्या हातून होते? 1967 च्या दंगलींनंतर अमेरिकन सरकारने नेमलेल्या कर्नर आयोगाने 1968 साली याचे उत्तर दिले. वर्तमानपत्रांच्या संपादकीय कामावरील माणसांत कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहून कमी, आणि संपादक वा वरिष्ठ पदांवर एक टक्क्याहूनही कमी आढळले. आता आपल्या देशाचा आकडा ऐका. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी 2019 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत तपासलेल्या वर्तमानपत्रे, वाहिन्या, नियतकालिके आणि संकेतस्थळे यांतील 121 प्रमुख पदांपैकी 106 पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा मनुष्य त्यांत एकही नव्हता. अमेरिकेत एक टक्क्याहून कमी म्हणून आयोगाने ठपका ठेवला. आपल्याकडे शून्य निघाले तरी दुसऱ्या दिवशीचे अग्रलेख निर्वेधपणे निघाले.

या शून्याचा परिणाम काय होतो ते महाराष्ट्राने 2006 साली पाहिले. 29 सप्टेंबर रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे आपल्या समाजातील एका कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. त्या घरातील माय-लेकींनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती. शेतजमिनीच्या वादाची पार्श्वभूमीही होती. पण पहिल्या बातम्या आल्या त्या त्रोटक, आणि त्यांत सूर होता अनैतिक संबंधांचा. लोक रस्त्यावर आले तेव्हा कोठे मोठ्या पत्रांना तेथे जाऊन पाहावेसे वाटले. मेम्फिस आणि खैरलांजी यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, परंतु मेलेल्याच्या चारित्र्यावर चिखल उडवून मारणाऱ्याचे वैर झाकण्याची युक्ती तीच आहे.

इथवर वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, तर मग झाले. त्यांची पत्रे त्यांना लखलाभ, आपण आपल्याच माणसांचे ऐकावे. वाचकहो, येथेच आम्हाला तुम्हाला थांबवायचे आहे. रवांडा या आफ्रिकेतील देशात 1993 साली आरटीएलएम नावाचे रेडिओ केंद्र सुरू झाले. हुतू या बहुसंख्य लोकांचा आवाज म्हणून ते बोलत असे. बेल्जियमच्या अमलाखाली तुत्सींना वरचा मान आणि हुतूंना खालचे स्थान होते, हे खोटे नव्हते. त्या खऱ्या दुःखाच्या जोरावर केंद्राने श्रोत्यांचा विश्वास मिळविला, आणि मग तुत्सींना झुरळे म्हणण्यास सुरुवात केली. 1994 च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवस कत्तल चालली, तेव्हा हे केंद्र मारावयाच्या माणसांची नावे आणि ठिकाणे सांगत होते. लाखो निरपराध माणसे मेली. परदेशांतील पुष्कळ बातम्यांनी पहिले काही आठवडे या योजनाबद्ध संहाराला टोळ्यांची जुनी भांडणे म्हणून उडवून लावले. केंद्राचे दोन संस्थापक आणि कांगुरा या पत्राचा संपादक यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 साली दोषी ठरविले. 2007 च्या अपिलात काही आरोप गळाले, तरी तिघेही दोषमुक्त झाले नाहीत.

यातून घ्यायचा धडा कडू आहे, पण तो घेतलाच पाहिजे. आपण पीडित आहोत म्हणून आपली बातमी आपोआप खरी होत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय जर आम्हीही चालविला, तर ज्यांना आम्ही नावे ठेवतो त्यांच्यात आणि आमच्यात फरक कोणता? आमचे पत्र आमची बाजू मांडण्यासाठी आहे, हे आम्ही लपवीत नाही. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी मूकनायक काढले, तेव्हा त्याची साधी जाहिरात पैसे देऊ केले तरी केसरीने छापली नाही. ज्यांना दुसऱ्याच्या पानावर जागा नव्हती त्यांनी स्वतःचे पान निर्माण केले, यात गैर काही नाही. परंतु बाजू घेणे निराळे आणि सत्य मोडणे निराळे. वेल्सबाईंनी बाजू घेतली होती, आणि तरीही त्यांचा एक आकडा कोणाला खोडता आला नाही. ड्युरांटी तटस्थ म्हणून मिरवत होते, आणि लाखोंचे मरण त्यांनी झाकले. यांपैकी खरा निष्पक्ष कोण, हे आता तुम्हीच ठरवा.

ऐकीव आहे, ग्रंथात आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्याने कोणतीही गोष्ट मानू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आपल्या गुरूच्या शब्दालाही त्यांनी त्यातून वगळले नाही, मग वर्तमानपत्राला कोठून सूट मिळणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. घरात जे वर्तमानपत्र येते ते बंद करू नका. मुलीला वाचू द्या, पण वाचून झाल्यावर तिला प्रश्न विचारायला शिकवा. या बातमीत कोण बोलले? पोलीस, मंत्री, पुढारी यांच्याशिवाय ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो बोलला काय? बातमीदार तेथे गेला होता काय, की कचेरीत बसून लिहिले? मथळा एक सांगतो आणि खालचा मजकूर दुसरेच सांगतो, असे तर नाही ना? मेलेल्याचे चारित्र्य सांगितले, तसे मारणाऱ्याचे हेतू सांगितले काय? कालची बातमी आज चुकीची ठरली, तर ती दुरुस्ती कोणत्या पानावर आली? एकच घटना दोन पत्रांत वाचा आणि एकाने कोणती गोष्ट गाळली ते शोधा. तुमच्या वस्तीत काही घडले तर तारीख, वेळ, ठिकाण आणि पाहणाऱ्यांची नावे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. जोन्सजवळ अशी वही होती आणि वेल्सबाईंजवळ असा हिशेब होता, म्हणून त्यांचे शब्द आजही उभे आहेत. खोटे छापून आले तर संपादकाला सही करून पत्र लिहा, आणि ते छापले नाही तर त्याची प्रत जपून ठेवा. मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी तो कोणी पाहिला हे विचारा, मग तो आपल्या माणसाने पाठविलेला का असेना.

आणि हे सारे प्रश्न सर्वांत आधी याच पाक्षिकाला विचारा. जो संपादक अशा प्रश्नांनी रागावेल, त्याचा अंक दुसऱ्या दिवशी विकत घेऊ नका.